विहिरीवरच्या झाडाचं नाव

बाळापूरच्या फाट्यावर आम्ही तिघं ट्रॅव्हल्सची वाट पाहत उभे होतो. आई, बाबा आणि मी. दिवस बुडायला आला होता. बाबांच्या हातात माझी बॅग होती, आईच्या हातात पिशवी. माझ्या हातात काहीच नव्हतं, कारण हात कापत होते आणि ते या दोघांना दिसू नयेत म्हणून मी ओढणीत गुंडाळून घेतले होते. पुण्याला नोकरी लागली म्हणून गल्लीभर पेढे वाटून झाले होते. शेजारच्या रुखसाना चाचीनं शिवलेला नवा ड्रेस अंगावर होता. आणि मनात मात्र एकच, की आजची बस रद्द झाली तर किती बरं होईल.

बस आली. आईनं दारातच पिशवी माझ्या हातात कोंबली. "भाकरी हाय, ठेचा हाय. अन् हा डबा पुण्याले पोचल्यावरच खोलजो. पयले ओळखजो." मग जरा थांबून म्हणाली, "तिकडून फोन केला का सगळं बरं हाय म्हणजो. आमी बी बरंच सांगू." बाबांनी मान हलवली. "बाहेरगावच्या माणसाच्या जिवाले घोर लावू नये, अन् त्यानं बी घरच्यायले लावू नये." हे आमच्या घरातलं जुनं ठरलेलं. माझे काका सुरतेला मिलमध्ये होते. आजी आजारी आहे असा कोणीतरी निरोप धाडला, काका हातचं काम टाकून धावत आले, तर आजी ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. काकांचं काम मात्र गेलं. त्या दिवसापासून बाहेर गेलेल्या माणसाला वाईट काही कळवायचं नाही, हा आमच्या घराचा कायदा झाला.

तुमच्यापैकी जे मागं राहिले आणि जे माझ्यासारखे निघून गेले, तुमच्याही घरी थोडाफार हाच कायदा असणार. म्हणूनच हे लिहिते आहे. या कायद्यानं आमच्या घराचं काय केलं ते सांगते.

बसमध्ये बसल्यावर मी तो डबा कानाशी धरून हलवला. काही वाजलं नाही. हा आईचा जुना खेळ. भुलाबाई ज्यांच्याकडे बसत नाही त्यांच्यासाठी सांगते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी झाली की त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते आणि वाजवून दाखवते. आत कोणता खाऊ आहे ते आवाजावरून ओळखायचं. गोड का तिखट, एवढं विचारता येतं. नाहीच ओळखता आलं तर "हरलो" म्हणायचं, मग डबा उघडतो आणि सगळ्यांना खाऊ मिळतो. म्हणजे हरलं तरी तोंड गोड होतंच.

आईचा खाऊ गल्लीत कोणाला कधी ओळखता आला नाही. ती तो जुन्या लुगड्याच्या फडक्यात असा बांधायची की डबा मुकाच राहायचा. एका वर्षी तर कमाल केली. आम्ही पोट्ट्यांनी शिंगाडे म्हणून पाहिलं, शेंगा म्हणून पाहिलं, घारगे म्हणून पाहिलं, शेवटी वैतागून हरलो म्हटलं. आईनं झाकण काढलं तर डबा रिकामा! खाऊ तिच्या पदराखाली होता. आम्ही चिडून ओरडत होतो आणि ती पोट धरून हसत होती.

पुण्याला हॉस्टेलच्या कॉटवर मी डबा उघडला. मी चिवडा म्हटलं होतं. निघाल्या सांबारवड्या, फडक्यात गच्च बांधलेल्या. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. आमच्या वावरात तोच जास्त, त्याच्यासोबत मेथी, पालक, वांगी. पुण्यात पहिल्याच आठवड्यात मी भाजीवाल्याकडे सांबार मागितला तर त्यानं मला समोरचं इडलीचं हॉटेल दाखवलं. तेव्हापासून मी कोथिंबीर म्हणायला लागले. बाकीचंही बदललं. ऑफिसात पुण्यासारखं बोलायचं, फोनवर घरच्यासारखं. वड्या खाता खाता मी रडले आणि मग घरी फोन करून म्हटलं, "सगळं बरं हाय."

काम काय, तर पैसे पाठवायच्या एका ॲपच्या सपोर्टमध्ये. कुठे काही अडलं की आमच्या फोनवर अलर्ट येतो आणि तो मिनिटाभरात उचलावा लागतो. याला ऑन-कॉल म्हणतात. ऑन-कॉलच्या आठवड्यात मी फोन बाथरूममध्येही घेऊन जायचे, साबणाच्या खणात ठेवायचे. हळूहळू असं झालं की फोन वाजायच्या आधीच छाती वाजायची. मग दुसऱ्याच्या टेबलावर कोणाचाही फोन वाजला तरी. मग कुकरची शिटी झाली तरी. हॉस्टेल सोडून मी जिच्यासोबत फ्लॅट घेतला ती माझ्याच ऑफिसातली अनघा, मूळची सोलापूरची, ती हसायची, "अगं, डाळ आहे ती, मॅनेजर नाही." मीही हसायचे. पण आतून घाबरलेली असायचे आणि कशाला घाबरले ते मलाच सांगता यायचं नाही.

एका दुपारी कँटीनच्या रांगेत ताट घेऊन उभी होते. एकदम हातांना मुंग्या आल्या. श्वास वर अडकला, खाली जाईना. छातीत घण पडायला लागले. वाटलं, संपलं, आता मी इथंच मरते, आणि आईला कोण सांगेल? खरं सांगते, मरायचं भेव नंतर वाटलं, आधी ते वाटलं, की आता हा फोन आईला जाणार. अनघा मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर माझ्याच वयाचा होता. ईसीजी पाहून म्हणाला, "हार्ट एकदम नॉर्मल आहे. स्ट्रेस आहे, स्ट्रेस कमी करा." भाजीत मीठ कमी टाका म्हणावं इतक्या सहज म्हणाला. कसा कमी करायचा, बापा? कुठून काढायचा आणि कुठे नेऊन ठेवायचा? ते काही त्यानं सांगितलं नाही.

कंपनीनंही मनावर घेतलं, नाही असं नाही. शुक्रवारी दुपारी ताणमुक्तीचं ऑनलाइन सेशन ठेवलं. एक गोड आवाजाची बाई म्हणाली, "डोळे मिटा आणि तुमची सुरक्षित जागा डोळ्यांसमोर आणा." मी आमचा ओटा आणला. आई सांबाराच्या जुड्या बांधते आहे, भिंतीपलीकडे चाचीचं शिलाई मशीन चालू आहे, तिथपर्यंत पोचले आणि अलर्ट आला. डोळे उघडून लॉगिन केलं. सेशन पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट मात्र मेलवर आलं.

घरी यातलं काही सांगितलं नाही. दर रविवारी फोन. "जेवली का?" "हो." "तब्येत?" "मस्त." "तुमची?" "आमचं काय, सगळं बरं हाय." दोन्हीकडून डबा फडक्यात बांधलेला. मला वाटायचं, लपवते आहे ती मीच, तिकडे सगळं खरंच बरं आहे. तेवढाच आधार होता.

मग एका दिवाळीनंतर तो आधारही डळमळला. फोन आई उचलेनाशी झाली. बाबा उचलायचे, आणि हॅलो म्हणायच्या आधी थांबायचे. "शुभे, तूच होय ना?" असं विचारायचे. अहो, नंबर माझा, नाव माझं, मीच असणार ना! आईला द्या म्हटलं की म्हणायचे, "ते वावरात हाय." दिवेलागणीला कोणती बाई वावरात असते? व्हिडिओ कॉल लावला की नेटवर्क नाही म्हणून कट व्हायचा. आणि मागून एक आवाज यायचा, शिलाई मशीनचा. भिंतीपलीकडून नाही, आमच्याच घरातून. चाचीचं मशीन आमच्या घरात काहून आलं असेल?

मी ओळखायला बसले. आईला अर्धांग झालं. आईला कॅन्सर झाला आणि चाची तिची सेवा करते आहे. आईचा आवाज गेला. एकदा तर असंही मनात आलं की आई नाहीच, आणि हे मला सांगत नाहीत. हा विचार आला तेव्हा मी बसस्टॉपवर होते, तिथंच खाली बसले. लोक म्हणाले, पाणी प्या. तेव्हा मला कळलं की लहानपणी डबा वाजत नसला की मजा वाटायची, कारण आत खाऊच असणार हे ठाऊक होतं.

आणि मग ती दुपार. ऑफिसात मोठी गडबड चालू होती, ॲप बंद पडलेलं, सगळी टीम कॉलवर. बाबांचा फोन आला. बाबा त्या वेळी कधीच फोन करत नाहीत. मी उचलला. बाबांचा आवाज अगदी परका. "विहिरीवरच्या झाडाचं नाव सांग."

"काय?"

"आपल्या विहिरीवर झाड हाय ना, त्याचं नाव सांग."

बाबांचं डोकं फिरलं? मी आजूबाजूला माणसं म्हणून दबक्या आवाजात, पुण्यातल्यासारखं बोलत म्हटलं, "बाबा, असं काय विचारताय? आईला फोन द्या आधी. प्लीज." मग मागून आईची किंकाळी ऐकू आली आणि फोन कट झाला. परत लावला तर बंद. चाचीला लावला, वाजत राहिला. मशीनवर बसली की चाचीला ढोल वाजले तरी ऐकू येत नाही.

मॅनेजरला म्हटलं, घरी जाते. तो म्हणाला, आत्ता? मी लॅपटॉप बंद केला. संध्याकाळची ट्रॅव्हल्स मिळाली. प्रवास कसा झाला ते सांगत नाही. एवढंच सांगते की संपूर्ण वाटेत मी श्वास मोजत होते आणि तो चुकत होता, आणि शेजारच्या अनोळखी बाईनं माझा हात धरून ठेवला होता.

सकाळी फाट्यावर उतरले. तोच फाटा. गल्लीच्या तोंडाशी आले आणि पाय थांबले. आमच्या दारासमोर चपलांचा ढीग होता, बायकांच्या चपलांचा. आमच्याकडे घरापुढे असा ढीग दोनदाच पडतो, भुलाबाईच्या संध्याकाळी, नाहीतर माणूस गेल्यावर बायका बसायला येतात तेव्हा. आणि भुलाबाईचे दिवस तर केव्हाच होऊन गेले होते.

मी भिंत धरून उभी राहिले. गेली, माझी माय गेली, आणि मी दर रविवारी मस्त म्हणत राहिले. आत जायची हिंमत होईना आणि बाहेर उभं राहवेना. तेवढ्यात आतून मशीनचा आवाज आला, घर्र, घर्र, आणि कोणीतरी हसलं. मयताच्या घरात कोणी मशीन चालवत नाही. मी चपला तुडवत आत गेले.

आई मधोमध बसली होती. जिवंत! मेथी निवडत होती. अंगानं अर्धी झालेली, डोळ्यांखाली काळं, पण जिवंत. भोवती गल्लीतल्या बायका सांबाराच्या जुड्या बांधत होत्या आणि कोपऱ्यात रुखसाना चाची मशीनवर बसली होती. आईनं मला पाहिलं. धावली नाही, रडली नाही. भिंतीला पाठ लावून सरकली आणि माझ्याकडे चोरासारखं पाहत म्हणाली, "विहिरीवरच्या झाडाचं नाव सांग."

सगळ्या बायकांचे हात थांबले. चाचीनं मशीन थांबवलं. आईच्या डोळ्यांत इतकं भेव मी जन्मात पाहिलं नव्हतं. ती मला, पोटच्या पोरीला, भीत होती.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा आईचा डबा आहे. मी म्हटलं, "झाड कुठं हाय वो माय? विहिरीवर झाडच नाई. तूच लावू देत नाईस, पाला पडते म्हणून."

आईच्या हातातली मेथी खाली पडली. "शुभीच होय," ती बायकांना म्हणाली, "माही शुभीच होय," आणि मग अशी रडली की मला धरावं लागलं. मीही रडले. आम्हाला पाहून बायकाही रडल्या. शेवटी चाचीच ओरडली, "अगे बस करो, भाजी भिजी ना सब!"

काय झालं होतं ते चाचीनंच सांगितलं, कारण आईला ते बोललं की धाप लागत होती. दिवाळीनंतर एका सकाळी आईला व्हिडिओ कॉल आला. वर्दीतला माणूस. तुमची मुलगी पुण्यात पकडली, भानगडीच्या पार्सलच्या केसमध्ये आहे, हा बघा तिचा आवाज. आणि एक पोरगी रडताना ऐकवली. रडणारी पोरगी कोणाचीही असली तरी आईला आपलीच वाटते. मग तो म्हणाला, दार लावून बसा, फोन बंद करायचा नाही, कोणाला एक शब्द सांगायचा नाही, नवऱ्याला सुद्धा नाही. आणि आई बसली! त्या चोराला आमच्या घरात मेहनत करावीच लागली नाही. कोणाला काही सांगायचं नाही, हे तर आम्हाला घरानंच शिकवलेलं. बाबा वावरात होते. आई आतल्या खोलीत दार लावून, पाण्याचा घोट न घेता, दुपारपर्यंत त्या फोनसमोर हात जोडून बसली होती.

चाची सांबार न्यायला आली. दार वाजवलं, आई उघडेना. चाचीनं हाक मारली तर आतून आई म्हणाली, "सगळं बरं हाय, जाय." चाची मला म्हणाली, "इत्ता डर के कोई बोलता क्या, सब अच्छा है? मैं समझी, कुछ तो भी गडबड है." मागच्या चुलीकडच्या दारानं ती आत घुसली, आईच्या हातून फोन ओढला आणि त्या वर्दीवाल्याला म्हणाली, "पोलीस है ना तू? तो आ ना इधर बाळापूर में. मैं बैठी, चाय रखती तेरे लिए. पहले लडकी का नाम बोल." त्याला नाव सांगता आलं नाही. त्यानं शिवी दिली, चाचीनं चार दिल्या, फोन कट.

आई त्याच्या तावडीतून सुटली, पण तो फोन तिच्या आत वाजतच राहिला. कोणताही फोन वाजला की तिचा जीव खालीवर व्हायचा, घाम सुटायचा. एकटी बसू शकेना. गल्लीतल्या डॉक्टरनं सलाईन लावलं. बाबांनी नजर उतरवली, चाचीनं दुआ फुंकून दम केलेलं पाणी आणलं, आईनं सगळं श्रद्धेनं घेतलं आणि भेव जसंच्या तसं. मग चाचीच तिला अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथं गोळी दिली, नीट ऐकून घेतलं, आणि सांगितलं की या बाईला एकटं ठेवू नका. चाचीनं ते शब्दशः घेतलं. मशीन उचलून आमच्या घरी आणलं. गल्लीतल्या बायकांना म्हणाली, माणूस मेल्यावर तुम्ही दहा दहा दिवस बसायला येता, मग माणूस भीत असताना काहून येत नाही? मेल्यावर बसून त्याला काय फायदा? म्हणून त्या आल्या होत्या. रोज येत होत्या. आपापलं काम घेऊन यायच्या आणि आईशेजारी बसून करायच्या.

झाडाचा प्रश्न आईनंच काढला होता. बाबांचा फोन आला त्या दिवशी सकाळीच कोणीतरी तिला सांगितलं होतं की आता माणसाचा आवाजही नकली काढता येतो. मग मुलगी खरी आहे हे कसं ओळखायचं? तर नसलेल्या झाडाचं नाव विचारायचं. चोर असेल तो कडुनिंब म्हणेल, आंबा म्हणेल. शुभी असेल ती म्हणेल, झाड नाही. इतकी हुशार माझी माय! फक्त एक विसरली, शुभीला हे सांगायचं. आणि शुभीला सांगायचं म्हणजे झालेलं सगळं सांगायचं, आणि ते कायद्यात बसत नव्हतं. मी उत्तर दिलं नाही तेव्हा या दोघांना वाटलं, पोरीचा फोन चोराच्या हातात आहे. आईनं घरातला फोन बंद करून ज्वारीच्या कोठीत खुपसला आणि माझ्या नंबरचा फोन चाचीलाही उचलू दिला नाही.

"अन् बाबा कुठं हायेत?" मी विचारलं.

आई म्हणाली, "तुले पाहाले गेले. पुण्याले. काल संध्याकायच्या गाडीनं."

म्हणजे मी इकडे येत होते तेव्हा ते तिकडे जात होते, हायवेवर कुठेतरी आमच्या दोन्ही गाड्या एकमेकींच्या शेजारून गेल्या. माझ्या फ्लॅटला कुलूप होतं, अनघा सोलापूरला गेलेली. बाबांकडे फोन नाही, तो कोठीत. मला परत घाम सुटला. साठीचा माणूस, पुण्यात कधी पाऊल न टाकलेला, कुलूपबंद दारासमोर उभा राहून काय समजेल?

तेवढ्यात चाचीचा फोन वाजला. अनोळखी नंबर. आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि मी पाहिलं की माझेही हात कानांकडे चालले होते. आम्ही दोघी सारख्याच बसलो होतो. चाचीनं फोन उचलून स्पीकरवर टाकला. बाबा होते, सोसायटीच्या वॉचमनच्या फोनवरून. बाबांना मी रडताना कधी ऐकलं नव्हतं. "भाभी, शुभी घरी नाई. दाराले कुलूप हाय. पोरगी गेली वो माही."

मी बोलायला तोंड उघडलं, पण श्वासच अडकला. तेच, कँटीनमधलं. शब्द फुटेना. आईनं माझ्याकडे पाहिलं. माझे वळलेले हात पाहिले, माझी छाती पाहिली. आणि तिला कळलं. हे आपलंच दुखणं आहे, हे तिला पाहताक्षणी कळलं. तिनं कानांवरचे हात काढले, एका हातानं माझी पाठ चोळत दुसऱ्या हातानं फोन घेतला. इतक्या दिवसांत फोनला शिवलेली नव्हती ती.

"ते इथं हाय," आई म्हणाली. आवाज कापत होता, पण बोलली. "माह्याजवळ बसली हाय. झाडाचं बरोबर सांगतलं तिनं. तुमी चहा घ्या अन् सावकाश या."

मग ती माझ्याकडे वळली. "तुले बी होते हे?"

मी मान हलवली.

"कवापासून?"

मी सांगितलं. साबणाच्या खणातला फोन, कँटीन, ईसीजी, बसस्टॉप, सगळं. बायकांसमोर सांगितलं, कारण त्या उठून गेल्या नाहीत आणि मीही त्यांना जा म्हटलं नाही. ऐकता ऐकता कोपऱ्यातली एक काकू म्हणाली, माझा पोरगा ट्रक चालवते, रस्त्यावर कुठं ॲक्सिडेंट ऐकला की माझे पाय गळतात. दुसरी म्हणाली, मला तर गॅस लावायचंच भेव वाटते. मग चाची मशीनच्या चाकावर हात ठेवून म्हणाली, "बाजार में शटर एकदम से गिरे ना, तो दंगा समझ के मेरा दिल बंद हो जाता. कुछ नहीं रहता, किसी का बैल छूटा रहता. पर मेरे को घर तक आते आते सब बच्चों की सूरत दिख जाती." इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. आईनं निवडलेली मेथी बाजूला ठेवली आणि तिच्याजवळ जाऊन बसली.

मी परत पुण्याला आले, हेही सांगायला हवं. काहींना वाटेल, तिथंच राहिली असेल. नाही. नोकरी आहे, इथं माझं थोडंफार जमलेलं आयुष्य आहे. ऑन-कॉल सोडायला परवानगी मागितली, भांडून मिळवली. आठवड्यातून एकदा समुपदेशकाकडे जाते. आई अकोल्याला जाते. दोघींचंही भेव गेलेलं नाही. फोन वाजला की छाती अजूनही वाजते, खोटं कशाला सांगू? आजही, हे लिहिताना, दोनदा उठून दाराची कडी पाहून आले.

पण तो कायदा आम्ही मोडला. बाबांनीच मोडला, पुण्याहून परत आल्यावर ओट्यावर बसून. म्हणाले, "आता जे असन ते सांगाचं. घोर लागते तर लागू दे, दोघायले मिळून लागू दे." फाट्यावर मला सोडायला आले तेव्हा मी हात ओढणीत गुंडाळले नाहीत. कापत होते, तसेच बाबांच्या हातात दिले.

पूर्वी मला कोणी घर विचारलं की मी ओटा सांगायचे, सांबाराचा वास सांगायचे. आता रविवारचा फोन सांगते. फोन वाजतो, मी घाबरते, उचलते. पलीकडे आई असते, ती स्वतः उचलून स्वतः बोलते. आधी झाडाचं विचारते, मी झाड नाही म्हणते. मग ती डबा फोनजवळ आणून हलवते. काही वाजत नाही.

"ओळख."

"गोड का तिखट?"

"तिखट."

मी दोन-तीन नावं घेऊन पाहते, ती नाही नाही म्हणते. मग मी म्हणते, "हरली, माय. खोल."

मागं मशीन चालू असतं.

"आज लय भेव वाटलं," आई म्हणते, "दुपारपासून. आता तुहं सांग."